तारीख न भरलेली भेट

वृद्धाश्रमाच्या वेबसाइटवर एकाच पानावर दोन फॉर्म होते. वरचा भेटीची वेळ मागण्यासाठी, खालचा निरोप पाठवण्यासाठी. दोन्हींची माहिती घेणारी सर्व्हरवरची स्क्रिप्ट मात्र एकच, आणि तीही मुलखाची भोळी. नाव आलंय ना, मग हा भेटीचाच फॉर्म, एवढंच तिला कळायचं. नाव तर दोन्ही फॉर्मांत होतं.

कुणाच्या तरी मुलानं निरोप पोचला नाही म्हणून तक्रार केली, तेव्हा प्रोग्रामर बाई बघायला आली आणि तिनं कपाळावर हात मारला. वर्षभरातला प्रत्येक निरोप भेट म्हणून नोंदला गेला होता. तारखेचा रकाना रिकामा, मजकूर गायब. वर्षभर एकही निरोप आला नाही, हे हल्ली लिहितंय कोण, असं म्हणून ऑफिसनंही मनावर घेतलं नव्हतं. खापर फोडायला दुसऱ्याचं डोकं शोधायची सोय नव्हती. स्क्रिप्ट तिनंच लिहिली होती.

"या एकाच बाईंच्या एकतीस नोंदी?" तिनं विचारलं.

"टेलरकाकांची मुलगी," ऑफिसातल्या ताई म्हणाल्या. "भेट मागते नि तारीख देत नाही. आम्ही दर वेळी काकांना सांगतो, मुलगी येणार आहे, कधी ते कळवलेलं नाही. पहिल्यांदा सांगितलं तेव्हापासून रोज तिथे बसतात बघा. तारीख नाही म्हणजे कुठलीही तारीख, म्हणतात."

खिडकीतून व्हरांडा दिसत होता. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले काका फाटकाकडे तोंड करून बसले होते. शेजारची खुर्ची त्यांनी हातरुमाल टाकून अडवून ठेवली होती.

स्क्रिप्ट दुरुस्त करायला दहा मिनिटं लागली. दोन्ही फॉर्मांच्या बटणांना वेगवेगळी नावं दिली, कुठलं बटण दाबलं ते आधी बघायला लावलं, झालं. व्हरांड्यात जायला मात्र तिला पाऊण तास धीर गोळा करावा लागला.

काकांना ऐकू कमी यायचं. फोनवरचं बोलणं त्यामुळेच बंद पडलं होतं. हळू सांगायची गोष्ट तिला ओरडून सांगावी लागली.

"काका, ते निरोप होते! भेटीचं मुलीनं विचारलंच नव्हतं! माझ्या हातून चूक झाली!"

पलीकडे पत्ते खेळणाऱ्यांचे हात थांबले.

"निरोप?" काकाही ओरडूनच बोलत. "काय लिहिलं होतं?"

"काहीच उरलं नाही, काका! पुसलं गेलं!"

"एकतीसच्या एकतीस?"

तिनं मान डोलावली. काका फाटकाकडे बघत राहिले. एखादा तरी उरायला हवा होता, असं त्यांना फार वाटलं. मोठा नको, 'औषध वेळेवर घेता ना' एवढाच का होईना.

"मी तुमच्या मुलीला आजच कळवते! झालं ते सगळं सांगते! त्या पुन्हा लिहितील!"

काकांनी हातानं तिला जवळ बोलावलं. ती वाकली. पत्तेवाल्यांकडे एकदा बघून त्यांनी आवाज अगदी खाली आणला. त्यांना हळूही बोलता येतं, हे व्हरांड्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

"निरोप मिळाले नाहीत, एवढंच सांग. भेटीचं काही बोलू नकोस."

"का, काका?"

"उगाच तिला वाटायचं, बाप वाट बघत बसला होता."