केळीतला साप

काचेची पेटी रिकामी होती.

वुर्यानीनं गरम बाजूची लपायची करवंटी उचलली. थंड बाजूची उचलली. पाण्याची वाटीसुद्धा उचलून पाहिली. काथ्याचा भुसा पळीनं वरवर उकरला. नाही. झाकणाची कडी आत्ता आपणच काढली, की ती आधीच निघालेली होती, हे काही केल्या तिला आठवेना.

गेल्याच आठवड्यात तिनं त्याला आणलं होतं. दिवसभर अख्ख्या गल्लीला जेवू घालणाऱ्या बाईला आठवड्यातून एकदाच खाणारं, आणि चवीबद्दल काही न बोलणारं, कुणीतरी घरात हवं होतं. दुकानात बाकीचे साप तिच्याकडे पाठ करून बसले. हा एकटा, बोटाएवढा, नारिंगी, बिनविषारी, तिच्या मनगटावर आला आणि बांगडीसारखा बसून राहिला. तोच तिनं निवडला.

"पहिलाच ना, बु? छोटी पेटी घ्या. खाली दोन बोटं काथ्या, जास्त नको. आणि आठवडाभर त्याच्या वाटेला जाऊ नका," दुकानदार अदबीनं म्हणाला होता.

दोन बोटांत बिचाऱ्याला काय ऊब येणार, म्हणून तिनं चांगला वीतभर काथ्या पसरला. तो दिला शेजारच्या म्हाताऱ्या म्बाह कार्सीनं. ऑर्किडला हवाय, असं वुर्यानीनं सांगितलं होतं.

"एवढा? तुझी ऑर्किड जेवते की काय काथ्या?" म्हातारी हसली होती.

खरं सांगायची सोय नव्हती. केळीच्या पानात वाफवलेली वुर्यानीची मासळी हल्ली दुपारच्या आत विकून संपायची. अशा बाईच्या घरात साप आहे म्हटल्यावर बांतुल गावातलं शेंबडं पोरही सांगेल, ती साप पाळून पैसा खेचतेय, आणि सापाला बदल्यात कुणाचा तरी जीव देतेय. कोपऱ्यावर सोतो सूप विकणाऱ्याबद्दल असंच काहीतरी उठलं. महिन्याभरात त्याची गाडी उठली.

बाहेर रविवारच्या सफाईला सगळे जमले होते. आता तो कुणाच्या न्हाणीत निघाला तर? वुर्यानी खराटा घेऊन बाहेर आली आणि कुणी विचारायच्या आतच बोलून गेली.

"काल म्बाहच्या केळीत साप दिसला मला. नारिंगी."

खराटे थांबले.

"नारिंगी?" समोरची बु पार्ती म्हणाली. "असला साप आपल्याकडे कुठे असतो? पाळलेला असणार कुणीतरी. कुणाकडे अचानक पैसा आलाय, बघा बाई!"

काही जणी हसल्या. काही हसल्या नाहीत. त्यांनी वुर्यानीच्या दाराकडे पाहिलं.

"तसं असेल तर घराघरात बघून घेऊ," गल्लीचे प्रमुख पाक जुमादी म्हणाले. "कडेपासून सुरू करू. बु वुर्यानी, आधी तुमचंच."



"घराघरात कशाला?" म्बाह कार्सी आपल्या ओट्यावरून म्हणाली. "वुर म्हणते ना माझ्या केळीत, मग माझ्या केळीत. तोडा ती."

"म्बाह, ही पानांची केळ आहे," पाक जुमादी म्हणाले. "बाजारात काय विकाल? खाल काय?"

"चहा पिईन. तोडा म्हणते ना."

म्हातारीचं पोट त्या पानांवर होतं. वुर्यानीची मासळीसुद्धा रोज त्याच पानांत बांधली जायची. पुरुषांनी कोयते आणले. एक वुर्यानीच्या हातात आला, आणि तिनं तो घेतला. सगळ्यांत जास्त तिनंच तोडलं, कारण थांबली असती तर बोलावं लागलं असतं. केळीचा चीक कोपरापर्यंत ओघळला, तिनं तो ब्लाउजलाच पुसला. त्याचे डाग जात नाहीत, हे तिला ठाऊक होतं.

साप निघाला नाही. पळाला असेल, असं सगळ्यांचं ठरलं. म्बाह कार्सीनं गोड चहा केला आणि पहिला पेला वुर्यानीला दिला.

"बस जरा. दमलीस."

तो चहा वुर्यानीनं कसा गिळला ते तिचं तिला माहीत.

घरी येऊन तिनं दाराला कडी घातली. पेटी मोडून टाकायची, आजच. खाली वर्तमानपत्र पसरून ती ओंजळीओंजळीनं काथ्या उपसू लागली. अर्धा उपसला. आणखी उपसला. तळाशी, गरम बाजूच्या कोपऱ्यात, काहीतरी नारिंगी होतं. वेटोळं करून निवांत पडलेलं. त्यानं डोकं उचललं, जीभ बाहेर काढली, आत घेतली.

तो कुठेच गेला नव्हता.

वुर्यानी जमिनीवर बसली. खिडकीतून कालपर्यंत हिरवं दिसायचं. आता म्बाहच्या ओट्यापर्यंत सगळं उघडं होतं, आणि ओट्यावर म्हातारी नव्हती.

दारावर टकटक झाली.

तिनं घाईघाईनं झाकण लावलं, पेटीवर चादर टाकली आणि दार अर्धवटच उघडलं. म्बाह कार्सी उभी होती. हातात केळीच्या पानाची पुडी, बांबूच्या काडीनं टोचलेली. खायचंच काहीतरी असणार. एवढं झाल्यावरही ही बाई मला खायला आणते, या विचारानं वुर्यानीची मान वर होईना.

"म्बाह, कशाला उगीच..."

"उघड तरी."

तिनं काडी काढली. पानात उंदराची दोन पिल्लं होती, गुलाबी, डोळेसुद्धा न उघडलेली, निपचित.

"बुंध्याशी सापडली, तोडताना. मी म्हातारी काय करू यांचं?" म्बाह कार्सीनं मागे वळून गल्लीत कुणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सापडला का गं तुझा?"