शुक्रवारचे निर्दोष विमान

‘विमानाची देखभाल निर्दोष होती. इंजिनात आढळलेले पाणी विमान तळ्यात कोसळल्यानंतर शिरले. दोष मृत वैमानिकाचा.’

चौकशी समितीची ही तीन वाक्ये वैमानिकाच्या बहिणीने पुन्हा वाचली. इंजिन बंद पडले ते उड्डाणानंतर अर्ध्या मिनिटात, तीनशे फुटांवर. हे याच अहवालाच्या दुसऱ्या पानावर होते, आणि पाण्याखेरीज इंजिनात दुसरा बिघाड आढळला नाही, हेही. पाणी मात्र शिरले त्यानंतर, खाली. कार्य आधी, कारण मागाहून. तर्कशास्त्राला दोन हजार वर्षांत जे जमले नाही, ते समितीने तीन बैठकांत जमवले होते. मेलेल्याच्या डोक्यावर खापर फोडणे सोपे. ते डोके हलत नाही.

“पोच लिहून द्या, बाई, म्हणजे प्रकरण मिटलं,” अध्यक्ष घड्याळाकडे बघत म्हणाले. “गेलेला माणूस काही परत येत नाही.”

“तो नाहीच येणार. त्याच्या नावावरचा दोष तरी जाऊ दे.”

थकल्या हातांनी तिने शेवटचे पान उलटले. तपासणीचा तक्ता. रोज सकाळी टाकीच्या तळातून पेलाभर इंधन काढायचे आणि उजेडात धरायचे; पाणी असेल तर खाली बसते. मग ‘इंधन स्वच्छ’ या रकान्यात मेकॅनिकने सही करायची. अपघाताच्या दिवशी, गुरुवारी, सही होती. शुक्रवारी होती. शनिवारीही होती.

तिने तक्ता टेबलावरून पुढे सरकवला.

“विमान वर काढलं रविवारी. शुक्रवारी पेला भरायला तळ्यात कोण उतरलं होतं?”

अध्यक्ष चष्मा पुसू लागले. समितीने कागद तपासले होते. वाचायचे तेवढे राहिले होते.

भिंतीलगतच्या खुर्चीवरून म्हातारा मेकॅनिक उठला. पाच विमानांमागे तो एकटा. तीन बैठकांत त्याला कोणी काही विचारले नव्हते, आणि त्यानेही ते बरेच मानले होते. तिच्याकडे न बघता तो लेखनिकाला म्हणाला, “घ्या लिहून.”

लेखनिकाने शब्द न् शब्द उतरवला:

“आठवड्याच्या सगळ्या सह्या मी सोमवारीच करून टाकतो. गुरुवारी पेला हातातसुद्धा घेतला नाही. चढताना त्यानं विचारलं होतं, ‘काका, इंधन बघितलंत ना?’ मी त्याला सही दाखवली.”