गोष्ट थोडक्यात

प्रकाशकांनी कादंबरीचा सारांश एका पानात मागितला होता. निवृत्त नर्स मंदाकिनीबाई चार दिवस कागद फाडत होत्या. तीनशे पानांतलं काय गाळावं, तेच उमजेना.

दारात बांगडे साफ करणाऱ्या हसीनानं विचारलं, "नर्सबाई, गोष्ट आहे तरी कसली?"

"एकीचा नवरा परागंदा होतो. मग ती त्याची होडी चालवते, खाडीपार माणसांची ने-आण करते. बारा वर्षांनी तो परततो आणि होडी मागतो."

हसीनाची सुरी थांबली. "दिली काय तिनं?"

"नाही. त्यालाच होडीत बसवून पैलतीरी सोडून येते."

"बरं केलं!" हसीना खुशीत म्हणाली. "छापून आलं की सांगा. सुनेकडून सगळं वाचून घेईन."

मंदाकिनीबाईंनी तेवढंच, बोलल्या तसंच कागदावर उतरवलं आणि पाकीट बंद केलं. प्रकाशक काय ते सावकाश कळवतील. पहिली वाचक मात्र आजच मिळाली होती.