हुंदका

शाल्मली माहेरच्या ओसरीवर आईच्या प्रेताशेजारी बसली होती. डोळे कोरडे. मांडीवर पाच महिन्यांची रेणू, तिच्या नाकावर मास्क.

रेणूचा घसा झोपेत मिटायचा. तो उघडा ठेवायला यंत्र हवा ढकलायचं, आणि कधी ढकलायची ते शाल्मलीच्या छातीवर चिकटवलेल्या, तिचा श्वास टिपणाऱ्या चकतीवरून ठरायचं. तिच्या एका श्वासामागे रेणूचे दोन. आईची लय बाळाला मानवते, असं डॉक्टर म्हणाले होते. सुरुवातीला ते झोपेपुरतंच होतं. पुढे रेणू स्वतःहून श्वास घ्यायचंच विसरली. आता मास्क दिवसभर असायचा, आणि शाल्मलीला धाप, शिंक, हुंदका, काहीच परवडत नव्हतं.

"पोरीला रडवा गं, नाहीतर दुःख छातीत बसेल," बायका कुजबुजल्या.

शकूमावशीने मायेने तिच्या पाठीवर हात ठेवला. "शेवटपर्यंत तुझीच वाट बघत होती गं. शालू आली का, शालू आली का, एवढंच."

शाल्मलीला हुंदका फुटला. यंत्र अडखळलं, कर्कश वाजायला लागलं. रेणूचे ओठ निळे पडले. शाल्मलीने ओढणी दातांत धरली, डोळे मिटले आणि श्वास मोजायला लागली. बऱ्याच वेळाने ते ओठ पुन्हा गुलाबी झाले.

मावशी मागे सरली. तिने ओठांवर बोट ठेवून सगळ्या बायकांना खुणावलं. एकीचं रडणं ऐकून दुसरीला भरून येतं, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

तिरडी उचलली, तेव्हा भरल्या अंगणात यंत्राचा आवाज तेवढा येत होता. आईसाठी कुणीच रडलं नाही.