पाऊण डझन

"पंधरा वर्षांपूर्वी शंभरातल्या ऐंशी मुलांना आलेला प्रश्न यंदा तिसांनाच आलाय. शिक्षक शिकवत नाहीत, असंच अहवालात लिहा," संचालक म्हणाले.

"सर, मुलं तितकीच हुशार आहेत. प्रश्न अवघड झालाय," चाचणी विभागातल्या मृदुला केंजळेंनी तिसऱ्यांदा सांगितलं.

"एक अक्षरही बदललेलं नाही, बाई."

प्रश्न होता, पाऊण डझन केळी म्हणजे किती? अहवाल असाच गेला असता तर दोनशे शिक्षकांना नोटिसा निघणार होत्या. शेवटी वैतागून केंजळेबाई संचालकांनाच समोरच्या शाळेत घेऊन गेल्या.

त्यांनी चौथीतल्या एका मुलीला तो प्रश्न विचारला. तिने नकारार्थी मान हलवली.

"बरं, बारा केळ्यांचे चार सारखे वाटे केले आणि तीन वाटे तुला दिले, तर?"

"नऊ केळी," ती लगेच म्हणाली. मग हळूच तिने विचारलं, "पण बाई, पाऊण म्हणजे काय?"



"तो प्रश्न वगळा," बाहेर आल्यावर संचालक म्हणाले. "मी रोज नातीला पावणेआठला तयार राहायला सांगतो. ती आठला येते, आणि मी तिच्यावर ओरडतो."