दुसरा प्रश्न

अभिमनला शीर सापडत नव्हती. गेल्या पंधरा दिवसांत कितीतरी हातांवरच्या शिरा त्याला नुसत्या बोटाने चाचपून सापडल्या होत्या. पण आजचा हात त्याच्या मायचा होता. बोटं दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतली होती आणि मनगटाशी नाडी लागत नव्हती.

"व्हा बाजूला," थोरले डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचार बदलला. "नको. तुम्हीच करा. शीर दिसत नसेल तर कातडी कापून शोधा. शिकवलंय ना?"

शिकवलं होतं. लोकल बोर्डाने धुळ्याला पांझरेच्या काठी पटकीच्या रोग्यांसाठी छपरं घातली होती आणि पुण्याच्या मेडिकल शाळेतला तिसऱ्या वर्षाचा अभिमन उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे कामाला लागला होता. पुस्तकातली पटकीची सगळी पानं त्याला तोंडपाठ. पहिल्याच दिवशी तो रोग्यासमोर ती म्हणून दाखवू लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्याला गप्प केलं आणि दोन प्रश्न शिकवले. गाडीतून रोगी उतरवतानाच विचारायचे. जुलाब कधीपासून लागलेत? आणि तेव्हापासून पोटात पाणी किती गेलंय? दुसऱ्या प्रश्नाला ते फार जपत. "माणूस कोरडा पडून मरतो, अभिमन," ते म्हणत. "किती कोरडा पडलाय ते कळलं, तर पुढचं कळतं."

आज दुपारी शिंदखेड्याच्या वाटेने गाडी आली, तेव्हा त्याने आधी बैल ओळखले. मग धुरेवर बसलेले वडील, आबा. मग गोधडीतलं ते गाठोडं.

"कधीपासून, आबा?"

"काल सांजपाईन."

दुसरा प्रश्न विचारायचा राहूनच गेला. त्याने मायला, भागाबाईला, दोन्ही हातांनी उचललं आणि छपराकडे धाव घेतली. माय इतकी हलकी झाली होती की त्याला भीती वाटली.

आता त्याने पातं टेकवलं. कापलं. शीर दोऱ्यासारखी बारीक निघाली. नळी आत गेली, वर टांगलेल्या बाटलीतलं मिठाचं पाणी उतरू लागलं. एक बाटली संपली. दुसरी अर्धी झाली आणि मनगटाशी काहीतरी हललं. भागाबाईने डोळे उघडले.

अभिमनने घाईघाईने पेला भरला आणि तिच्या ओठांना लावला. "पी, माय."

ती पाण्याकडे पाहीना. त्याच्याचकडे पाहत राहिली. काहीतरी विचारल्यासारखं. त्याला वाटलं, ओळख पटत नसेल. "पी ना," तो पुन्हा म्हणाला आणि त्याने मान हलवली. तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं आणि सगळा पेला घटाघटा रिता केला. अंगावर सांडलेले थेंबही तिने जिभेने टिपले. त्याने दुसरा भरला, तोही तिने तसाच संपवला.

तिसरा भरेपर्यंत नाडी गेली होती.

डॉक्टरांनी अर्धा तास आणखी खटपट केली. मग त्यांनीच नळी काढली आणि तिच्या डोक्यावरून पदर नीट ओढला. अभिमन खाटेच्या पायाशी तसाच उभा होता. त्याला मागच्या दिवाळीतली चावडी आठवत होती. तांब्या हातात घेऊन त्याने तिथे मोठं भाषण ठोकलं होतं. पटकी पाण्यातून येते! उकळल्याशिवाय थेंब तोंडात घालू नका, मग जीव गेला तरी बेहत्तर! "मंग काय दारू पेवानी का, डाक्टर?" असं चिंधा आप्पाने विचारलं आणि सगळी चावडी खदखदून हसली होती. हसली नव्हती ती एकटी माय. पुढेच बसून ती लेकाचा शब्दन्‌शब्द ऐकत होती. पुढे ही गोष्ट त्याने डॉक्टरांना रागारागाने सांगितली, तर तेही हसले. "तिसऱ्या वर्षातल्या डॉक्टरचं कोणी ऐकत नाही, हे लोकांचं नशीब समजा," ते म्हणाले होते.

"तुम्ही दुसरा प्रश्न विचारला नाहीत," आता डॉक्टर म्हणाले. आवाज मऊ होता, पण प्रश्न ते सोडत नव्हते.

"आता काय करायचंय विचारून?"

"तिच्यासाठी नाही. उद्याच्या गाडीतल्यासाठी. तिला पाणी का मिळालं नाही, ते कळू दे आपल्याला. जा, विचारून या."

अभिमनला त्यांचा संताप आला. तरी तो गेला.

बाहेर निंबाखाली आबा गाडीला टेकून बसले होते. कोणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं होतं. पायाशी घरचा तांब्या होता. काठोकाठ भरलेला.

"आबा," अभिमन शेजारी बसला. "वाटमां मायनी पानी किती पिधं?"

"थेंबबी नही."

"दिधं नही का?"

"दिधं ना, भाऊ. दोनदा नदीवर गाडी थांबाडी, तांब्या तिना तोंडले लावा. तिनी तोंड फिराई लिधं. जीभ बाहेर येल व्हती, तरी म्हने, हाई उकाळेल नही शे."

आबांनी डोळे पुसले. मग लेकाला तेवढाच धीर यावा म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"बठ्ठा गाव हासना तुले. पन तिनी तुना शबद मोडा नही."