वूफरचं तोंड

"ताई, या गाडीत वूफरच्या डब्याचं तोंड डिकीच्या दाराकडे ठेवतात," ऑडिओवाला म्हणाला. "आवाज दारावरून परततो आणि गाडीभर सारखा पसरतो. सीटकडे तोंड केलं तर मागे बसणाऱ्याच्या पाठीत दणके बसतील."

"आणि मागचा माणूस काही बोलला, तर पुढे ऐकू येईल?"

"ओरडला तरी नाही."

"मग सीटकडेच करा. अगदी चिकटवून."

गाण्यांची तिला फारशी हौस नव्हती. पण ती गाडी चालवायला लागल्यापासून सासरे मागच्या सीटवरून अखंड सूचना देत असत. हळू घे, हॉर्न दे, तो ट्रक बघ. नवरा शेजारी बसून गालातल्या गालात हसायचा. वडीलधाऱ्या माणसाला गप्प बसा म्हणण्यापेक्षा गाणं लावलेलं बरं, असा तिने हिशेब केला होता.

दुसऱ्या दिवशी पेट्रोल पंपापर्यंत तिने अगदी सुखात गाडी चालवली. आरशात सासऱ्यांचे ओठ तेवढे हलताना दिसत होते. पंपावर गाडी थांबताच ते खाली उतरले, पुढचं दार उघडून मुलाला उठवलं आणि मागे धाडलं.

"मागे फार दणदणतं गं," तिच्या शेजारी ऐसपैस बसत ते म्हणाले. पट्टा लावून त्यांनी आधी गाणं बंद केलं. मग स्टिअरिंगच्या बाजूला झुकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा, इथून तर स्पीडचा काटाही दिसतो."